फोटोतली बोटं

आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. "पायाचा फोटो काढला", "छातीचा फोटो घेऊन या". मी शिकून घरी आले त्या आठवड्यात हर्ण्याच्या बंदरावर, संध्याकाळच्या लिलावाच्या गडबडीत, शेजारच्या काकीने आईला विचारलं, "लेकीने स्टुडिओ टाकलान की काय?" आई हसली. मला हसू आलं नाही. मला तेव्हाही पटकन राग यायचा आणि आजही येतो. लोक म्हणतात, बाईमाणसाला इतका राग बरा नव्हे. मी म्हणते, ज्या कामात मी आहे त्यात राग नसलेली माणसंच जास्त धोक्याची.

या कामात मी आले तीही रागानेच, फक्त तो राग आधी माहीत नव्हता. माझे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. जाळं ओढताना दोरात हात अडकून त्यांचं मनगट मोडलं. मी तेव्हा दहावीत होते. एका दवाखान्यात फोटो काढला, हाड जागेवर आहे म्हणाले, प्लास्टर घातलं. प्लास्टर काढलं तेव्हा हात वाकडा. आजही त्यांना तांब्यातलं पाणी ओतायला तो हात नीट फिरवता येत नाही. आम्ही सगळ्यांनी ते नशिबावर ढकललं. बारावीनंतर मार्क बरे होते, नर्सिंगला नंबर लागत नव्हता, म्हणून मी मुंबईत रेडिओग्राफीचा डिप्लोमा घेतला. पहिल्याच महिन्यात आमच्या शिक्षिकेने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एका बाजूने काढलेला फोटो म्हणजे अर्धा फोटो. समोरून सरळ दिसणारं हाड आडव्या बाजूने पाहिलं तर सरकलेलं असू शकतं, म्हणून मोडलेल्या हाताचे दोन फोटो घ्यायचेच.

तास संपल्यावर मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून घरी फोन लावला.

"बाबा, तुमच्या हाताचे फोटो किती काढले होते?"

"एक."

"आडवा नव्हता काढला?"

"एकच काढलान. का गो?"

"काही नाही," म्हटलं आणि ठेवून दिला. काय सांगणार होते? एक बटण दुसऱ्यांदा दाबायचा कोणीतरी कंटाळा केला, म्हणून तुम्हाला जन्मभर डाव्या हाताने पाणी ओतावं लागतंय?

ती शिक्षिका आणखी एक गोष्ट रोज सांगायची. आपला हात किरणांच्या वाटेत कधीही न्यायचा नाही. लहान मूल हलत असेल, म्हातारं माणूस बसत नसेल, तर त्याच्या नातेवाइकाला आत घ्यायचं, शिशाचा एप्रन घालायचा आणि त्याला धरायला सांगायचं. आपण धरायचं नाही, आपल्या माणसांनी धरायचं नाही. कारण नातेवाईक आयुष्यात एकदा-दोनदा आत येतो, एवढ्याने काही होत नाही. पण रोज तेच माणूस धरत राहिलं, तर ते थोडं थोडं साठत जातं. ते दिसत नाही, दुखत नाही, वासही येत नाही. म्हणून नियम पाळायचा.

हे सगळं घोकून, पास होऊन मी रत्नागिरीत एका खासगी हॉस्पिटलात लागले. हॉस्पिटल एका डॉक्टरांचं होतं. गावात त्यांचा दबदबा होता. हातखंब्याच्या बाजूला हायवेवर काही झालं की जखमी तिकडे यायचे, आणि खेड्यापाड्यांतून आयाबाया खोकणारी पोरं घेऊन यायच्या. एक्स-रेची खोली पूर्वी सामानाची कोठी असावी. फोटो काढताना दारावर लागतो तो लाल दिवा बंद पडलेला होता. एप्रन एकच, आणि तो हँगरवर नव्हता, स्टुलावर घडी करून ठेवलेला होता. घडी घातली की आतलं शिसं मोडतं, आणि इथे तर लोक त्यावर बसत होते.

मी विचारलं, "सर, माझा बॅज?"

तो छोटा बॅज छातीला लावायचा असतो. ठरावीक मुदतीने तो तपासायला जातो आणि आपल्या अंगावर किती किरणं पडली ते कळतं. आमच्यासाठी तो मंगळसूत्रापेक्षा महत्त्वाचा.

"येईल, मागवलाय," सर म्हणाले. तो यायला सात महिने लागले.

त्याच पहिल्या दिवशी मावशी भेटली. वॉर्डात झाडणं, पुसणं, पेशंटला हलवणं, सगळं तीच करायची. चाळिशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. नवरा मुंबईला वॉचमन, ती आणि लेक हातखंब्याच्या आतल्या एका वाडीत. सकाळी पहिल्या एसटीने यायची. दुपारी एक दोन वर्षांचं पोर आलं, छातीचा फोटो. मी त्याच्या आईला म्हटलं, "तुम्ही आत या, हा एप्रन घाला." तेवढ्यात मावशी पदर खोचून आत शिरली आणि पोराला टेबलावर घेतलं सुद्धा.

"मावशी, तुम्ही नको. आई धरेल."

"आई रडत बसते गो. पोरगं आणखी बिथरतं. हे माझं काम हाय, अकरा वर्षं करते. तू दाब तुझं बटण."

तिने पोराचे दोन्ही हात डोक्यावर धरले, कानाशी काहीतरी पुटपुटली, पोर क्षणभर गप्प झालं. मी पडद्यामागे गेले आणि बटण दाबलं. हो, दाबलं. नवीन नोकरी, पहिला दिवस, बाहेर रांग. फोटो झक्क आला होता. वरच्या कोपऱ्यात, पोराच्या कोवळ्या हाडांच्या बाजूला, मोठ्या माणसाची बोटं दिसत होती. चार बोटांची हाडं, आणि करंगळी मधल्या पेरात वाकडी.

मी मावशीच्या हाताकडे पाहिलं. उजवी करंगळी वाकडी होती.

"लहानपणी जात्याखाली सापडली," ती म्हणाली आणि फिनेलची बादली उचलून गेली.

त्यानंतर मी किरणांचा चौकोन शक्य तेवढा लहान करत गेले, तिचे हात बाहेर राहावेत म्हणून. पण रडणारं पोर सरकतं, धरणारा हात त्याच्याबरोबर सरकतो. सरांना मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "नातेवाईक आत घेतले की गोंधळ होतो, फोटो हलतो, परत काढावा लागतो. त्या पोराला दुप्पट किरणं द्यायची का? तूच सांग." असं बोलायचे की आपल्यालाच वाटावं आपण मुलांचे वैरी.

एका दुपारी पेशंट नव्हते. मी तो एप्रन टेबलावर पसरला आणि त्याचाच एक्स-रे काढला. एप्रन तपासायची हीच रीत असते. आतलं शिसं तुटलं असेल तर फोटोत दिसतं. दिसलं. उन्हात मळ्यातला चिखल तडकतो ना, तशा भेगा, आडव्या-उभ्या, पोटाच्या जागी तर हात जाईल एवढी फट. अकरा वर्षं ती बाई हेच अंगावर घेऊन उभी राहत होती, आणि ते घालायचं सुचलं तर. बरेचदा तेही नाही.

मी फोटो घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तो उजेडात धरला.

"कोणी सांगितलं हा काढायला?"

"तपासायचा असतो सर, वर्षातून एकदा."

"इथे काय अणुबॉम्ब फुटतोय? बघू. नवीन घेऊ." फोटो त्यांनी फाइलींखाली सारला. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, "तू हुशार आहेस. हुशारी कामात दाखव."

असं कोणी बोललं की माझ्या कानशिलात ठोके पडायला लागतात. तरी मी गप्प राहिले. भाड्याची खोली होती, आई-बाबा माझ्याकडे बघून होते, रत्नागिरीत अशा नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ही सगळी कारणं खरी आहेत. पण कारणं खरी असली म्हणून गप्प बसणं खरं ठरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग कॉम्प्युटर भरला. जुने फोटो पुसून जागा कर असं मला सांगण्यात आलं. मी सगळ्यात जुन्यापासून सुरुवात केली, म्हणजे माझ्या येण्याच्या आधीपासून. एक एक उघडून पाहायची गरज नव्हती, पण लहान मुलांचा एक उघडला आणि त्यात ती बोटं होती. दुसरा उघडला, त्यातही. कधी पोराच्या खांद्यापाशी, कधी कमरेपाशी, कधी नुसती वाकडी करंगळी चौकटीच्या कडेला. वेगवेगळी पोरं, वेगवेगळी वर्षं, आधीच्या दोन टेक्निशियनच्या वेळची, आणि शेवटी माझ्या वेळची. माझ्याही फोटोंत होती. कमी होती, पण होती. एका जागी बसून मी ते बघत राहिले आणि मला आधी सरांचा राग आला, मग त्या दोन टेक्निशियनचा, मग माझा. सगळ्यांनी ती करंगळी पाहिली असणार. पाहिल्याशिवाय फोटो पुढे जातच नाही.

मी काहीही पुसलं नाही. मावशीला हाक मारली.

ती हात पुसत आली. मी दाखवलं. ती पडद्याजवळ गेली, वाकून पाहिलं आणि खळखळून हसली.

"अगो बाय! माझीच बोटं! हाडं बघ किती पांढरीशुभ्र. मला एक छापून दे, लेकीला दाखवते."

"मावशी, हसू नका. हे दिसायला नको होतं." मी तिला समजावलं. शिक्षिकेने सांगितलं होतं तसंच, सोप्या शब्दांत. थोडं थोडं साठतं, कळत नाही, म्हणून बॅज असतो, आणि तुम्हाला बॅजही नाही. किती पडली, कोणी मोजलंच नाही.

तिचं हसू हळूहळू गेलं. स्टुलावर बसली. बराच वेळ स्वतःचा हात उलटासुलटा करून बघत राहिली. मग म्हणाली, "लेकीच्या वेळेलाही मी धरायचे."

"कधीपर्यंत?"

"सातवा लागेपर्यंत. तेव्हा कोण सांगणार? सरांना माहीत होतं की. तेच म्हणाले, हलकं काम हाय, कर."

तिची लेक तेव्हा चौथीत होती, धडधाकट, अभ्यासात बरी. हे मला माहीत होतं आणि मी ते लगेच बोलून दाखवलं. मावशी म्हणाली, "देवाने राखली." डॉक्टरने राखायची होती. ते त्याचं काम होतं, देवाचं नव्हे.

चार दिवसांनी पेरूच्या झाडावरून पडलेली सहा-सात वर्षांची मुलगी आली, बरोबर तिचे वडील. मावशी सवयीने आत आली. मी तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं, मुलीच्या वडिलांना आत घेतलं, तोच फाटका एप्रन दुहेरी करून त्यांच्या अंगावर टाकला आणि हाताचे दोन फोटो काढले, समोरून आणि आडवा. मुलगी रडली, वेळ लागला, पण फोटो नीट आले. बाहेर रांग कुरकुरत होती. सर स्वतः आले.

"मावशी बाहेर काय करत्येय?"

"मावशी यापुढे आत येणार नाही, सर."

"हे कोण ठरवणार?"

"नियम ठरलेलाच आहे. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय."

पेशंट बघत होते. सरांचा चेहरा लाल झाला नाही, उलट ते हसले. "मॅडम, केबिनमध्ये या."

केबिनमध्ये ते हसत नव्हते. "तुझ्यासारख्या छप्पन मिळतील."

"मिळू देत. पण मला हे लेखी द्या की एप्रन फाटका आहे हे मी सांगितलं होतं."

"बाहेर हो."

मी बाहेर झाले. त्या संध्याकाळी खोलीवर बसून मी तक्रार लिहिली. कुठे पाठवायची ते शिक्षिकेला फोन करून विचारलं आणि किरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला ती पाठवून दिली. एप्रनचा फोटो होता, बोटांचे फोटो होते, मुलांची नावं झाकून. मावशीचं नाव मी लिहिलं नाही, पण "वॉर्डातील एक महिला कर्मचारी" म्हटल्यावर कोण ते सगळ्यांना कळणारच होतं. तिला विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी इतकी बरोबर होते ना, की विचारायची गरज वाटली नाही.

तीन आठवड्यांनी सरांनी मला बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. मराठीत टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं, "मी एक्स-रे खोलीत कधीही पेशंट धरलेला नाही, मला तसं कधी सांगितलं गेलेलं नाही, माझी कोणतीही तक्रार नाही." खाली मावशीची सही. वळणदार, शाळेत शिकवलेली सही.

मी तडक वॉर्डात गेले. मावशी बेडपॅन धूत होती.

"सही केलीत?"

ती वर बघेना.

"तुमची बोटं आहेत त्या फोटोत! तुमची! तुम्ही लिहून देता की तुम्ही आतच गेला नव्हतात?"

"हळू बोल, बाय. पेशंट हायत."

"मी कोणासाठी केलं हे?"

आता तिने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते आणि ती माझ्याहून जास्त रागावलेली होती. "मी सांगितलेलं तुला? माझ्यासाठी कर म्हणून? तू उद्या दुसरीकडे लागशील, शिकलेली हायस. मला कोण घेईल? लेकीची शाळा तू बघशील?"

आणि मी जे बोलले ते आजही मला जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हटलं, "मग मरा इथेच."

एका म्हातारीने चादर तोंडावर ओढली. मावशीने बेडपॅन उलटं करून नळाखाली धरलं आणि पुन्हा घासायला लागली.

त्या महिन्याच्या अखेरीला मी नोकरी सोडली. सोडली म्हणते, पण सोडली नसती तरी त्यांनी मला काढलंच असतं. तपासणी झाली, असं नंतर कळलं. नवा एप्रन आला, हँगर आला, लाल दिवा लागला, भिंतीवर गरोदर बायांसाठीची पाटी लागली. कागदोपत्री तिथे कधीच काही चुकलेलं नव्हतं. कोणाला दंड नाही, कोणाला जाब नाही. सर अजून गावात सत्कारांना जातात. एकदा एका शाळेच्या बक्षीस समारंभात ते मुलींच्या आरोग्यावर बोलले म्हणे. हे मला ज्याने सांगितलं त्याच्यावरच मी उगाच खेकसले.

पुढे दीड वर्ष मी इकडे-तिकडे काढलं आणि मग एका सरकारी रुग्णालयात कंत्राटावर लागले. तिथे बॅज पहिल्या आठवड्यात मिळाला. आता कोणीही धरायला पुढे आलं, नर्स असो, वॉर्डबॉय असो, मी दार अडवून उभी राहते. मला तिथे खडूस म्हणतात. म्हणू देत.

मावशी मला परत भेटली ती गेल्या वर्षी, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, दुपारच्या उन्हात. मी तिला आधी पाहिलं आणि क्षणभर वाटलं खांबामागे व्हावं. पण तिने हाक मारली. थोडी वाळली होती. हातात भाजीची पिशवी.

"काय गो, ओळख हाय ना?"

"मावशी," मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले..."

"बोललीस ना. मी मेले नाय, बघ." असं म्हणून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. हसली नाही. "तू गेल्यावर मला धुण्यावर टाकलान. चादरी, ऑपरेशनचे कपडे. मशीन बंद असली की हाताने. पाठ जाते. नवी पोरगी आलीय फोटोला, ती आत घेत नाय आमच्यातल्या कोणाला. तेवढं बरं झालं."

"माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी नाय म्हटलं असतं."

आम्ही दोघी बाकावर बसलो. लेक आता आठवीत आहे, गणित आवडतं, असं तिने सांगितलं. मग तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि आवाज बारीक करून विचारलं, "मला एक सांग. आता ते तपासता येतं काय? रक्त वगैरे काढून? अकरा वर्षांत किती गेलं ते?"

हा प्रश्न तिने इतके दिवस सांभाळून ठेवला असणार. दुसऱ्या कोणाला विचारणार ती? मला खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं. रक्त तपासून घ्या, कधीही चांगलंच, मी बरोबर येते. पण किती गेलं ते आता कोणीच सांगू शकणार नाही. ते त्या त्या वेळी मोजायचं असतं.

"म्हणजे काय झालं असलं तरी कळायचं नाय, आणि नाय झालं असलं तरी कळायचं नाय."

"हो."

तिने मान हलवली. मी सांगितलेलं सगळं तिला समजलं होतं. ती कधीच अडाणी नव्हती, तिला फक्त कोणी सांगितलं नव्हतं. एसटी लागली. तिने पिशवी उचलली, मला म्हणाली, "सोमवारी ये मग. सकाळी ये, माझी सुट्टी हाय," आणि धक्काबुक्कीतून वाट काढत चढली. खिडकीजवळ जागा मिळाली तिला. मी तिथेच उभी होते, मुठी आवळलेल्या, आणि कोणाच्या अंगावर धावून जावं असं वाटत होतं. पण समोर नुसती उसाच्या रसाची गाडी होती आणि रांगेतली माणसं.

सोमवारी मी गेले. रक्त तपासणीच्या रांगेत तिचा नंबर बाविसावा लागला. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसून वाट बघत राहिलो.